दोन खाचांची मूठ

१

सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण हे मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. पिस्तूल माझं आहे. भावाचं नाही, वडिलांनी मागे ठेवलेलं नाही, आणि नवरा मी केलाच नाही त्यामुळे त्याचंही नाही. परवाना माझ्या नावावर आहे. नौपाड्यात माझा दाताचा दवाखाना आहे. तिथे दिवसदिवस उभं राहून लोकांच्या अक्कलदाढा उपटल्या आणि त्या कमाईतून मी ते घेतलं. तरी परवान्याच्या चौकशीला आलेला हवालदार म्हणालाच, "मॅडम, घरात कोण जेन्ट्स असतील तर बोलवा." गोळ्या घ्यायला दुकानात गेले की दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघतो, आणखी कुणी येतंय का म्हणून. शेजारच्या काकू अजून विचारतात, "हर्षितचं पिस्तूल तू चालवतेस ना गं?" हर्षित माझा धाकटा भाऊ. त्याला मॅगझिन कुठून भरतात तेही माहीत नाही.

आणि ते माणसं मारायचं हत्यार नाही, हेही सांगून टाकते. पॉइंट टू टू बोअरचं, स्पर्धेचं सेमी-ऑटोमॅटिक आहे. पाच गोळ्या, पंचवीस मीटरवर निशाण, निशाणाच्या मधोमध दहाचं वर्तुळ, आणि एका हातात पिस्तूल धरून, दुसरा हात खिशात घालून उभी असलेली मी. खेळ म्हणतात त्याला. पण आमच्याकडे मुलीनं कॅरम खेळला तर खेळ, हे म्हणजे थेर.

अशा पिस्तुलात सगळ्यात महत्त्वाची असते ती मूठ. अक्रोडाच्या लाकडाची, आणि मालकाच्या हाताप्रमाणे घडवलेली. बाकीचे नेमबाज कानस घेऊन महिनोन्महिने घासत बसतात. मी दाताची डॉक्टर आहे. कवळीचं माप घ्यायची पुट्टी असते ना, दोन रंगांची, कालवली की थोड्या वेळात रबरासारखी घट्ट होणारी, ती हातात दाबून मी माझ्या पकडीचं माप घेतलं आणि त्यावरून लॅबच्या मोटरनं लाकूड कोरलं. मधल्या बोटाला एक खाच, अनामिकेला एक, करंगळीला एक. अंगठ्याजवळचं बोट मोकळं, ट्रिगरसाठी. तळहाताच्या कडेखाली आधाराला एक छोटी फळी, स्क्रूनं वरखाली होणारी. डोळे मिटून हात उचलला तरी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत बरोब्बर येऊन बसायची. माझ्या हाताशिवाय दुसरा कुठलाही हात त्या मुठीत सुखानं बसला नसता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे कपाटातली छोटी तिजोरी उघडली. पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री केली. नवमीच्या पूजेचं कुंकू खाचेत अडकलं होतं ते ब्रशनं काढलं, काढताना मनातल्या मनात घरच्यांना चार शब्दही ऐकवले. पेटी गाडीत ठेवली, माणकोलीचा पूल ओलांडून डोंबिवलीत उतरले आणि कोपरजवळच्या आमच्या रेंजवर पोचले. रेंज म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याची लांबलचक शेड. कान झाकले, हात मुठीत घातला.

हात बसला नाही.

बघितलं तर तळहाताखालची फळी खाली सरकली होती. माझ्यापेक्षा बराच मोठा हात असावा, इतकी.

२

"तू माझ्या पिस्तुलाला हात लावलास?"

"अगं ताई, वेडी झालीस का?" हर्षित सोफ्यावर पडून मोबाइल बघत होता. "मी कशाला हात लावू? गेलेलोच नाय तुझ्या रूममध्ये."

"मग फळी कशी सरकली?"

"कसली फळी?"

त्याचा चेहरा इतका कोरा होता की मला जास्तच राग आला. बाळकुमला आमच्या शेतावर टॉवर उभा राहिला आणि जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं आम्हाला एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट दिले. एकात मी आणि आई, दुसऱ्यात हर्षित आणि त्याची बायको. दरवाजे दिवसभर सताड उघडे. कोण कधी कुठे शिरतो याला काही धरबंध नाही. पण तिजोरीची किल्ली दवाखान्याच्या जुडग्यात असते आणि जुडगा माझ्या पर्समध्ये.

"ऐक ना," हर्षित म्हणाला, "तुझी ती सिलेक्शनची मॅच कधी आहे? फोटो लागतील. बॅनर टाकू नाक्यावर. बाळकुमची वाघीण."

त्याला येत्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि त्यासाठी त्याला घरात एक वाघीण हवी होती. एरवी याच वाघिणीनं रेंजवरून यायला उशीर केला की तो आईला म्हणायचा, हिला जरा समजव.

निवड चाचणी डिसेंबरात होती, आमच्याच रेंजवर. राज्याच्या संघात जायची माझी ती शेवटची संधी. त्रेचाळीस वय झालं, उजवा खांदा आताच कुरकुरतो, पुढच्या वर्षी तो साथ देईल असं मला प्रामाणिकपणे वाटत नव्हतं. त्यामुळे मी वाद वाढवला नाही. स्क्रू आहे, दणक्यानं ढिला झाला असेल, अशी मनाची समजूत घातली. फळी जागेवर आणली, स्क्रूला चिकटद्रव लावून घट्ट आवळलं आणि तिजोरीला वरून आणखी एक कुलूप घातलं.

३

पुढच्या रविवारी गुरुदत्त सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. तेच मला शिकवतात. मोजकं बोलणारा माणूस.

"कल्पिता, ग्रिप नवीन केलीस का?"

"नाही सर."

"मग ही वरची खाच बुजवलीस कशाला?"

मी हात काढून बघितलं. मधल्या बोटाची खाच नव्हती. म्हणजे तिथे कधी खाच होती असं म्हणायलाही जागा नव्हती. खाली दोनच खाचा, रुंद आणि खोल, आणि वर सपाट लाकूड.

मी पिस्तूल घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली धरलं. कीड शोधायची आमची बारीक सुई असते. दातात भरलेलं सिमेंट आणि मूळ दात यांच्यातला सांधा, कितीही सफाईनं केलेला असला तरी, त्या सुईला कळतोच. लाकडावरून सुई पुन्हा पुन्हा फिरवली. सांधा नाही. अक्रोडाच्या रेषा वरपासून खालपर्यंत सलग, झाड वाढतानाच तशा आलेल्या.

मला भीती वाटली का? नाही. खोटं कशाला बोलू, मला संताप आला. कुणीतरी माझ्या घरात, माझ्या तिजोरीत, माझ्या वस्तूला स्वतःच्या सोयीची करून घेत होतं, आणि वर इतक्या सफाईनं, की मी तक्रार केली तर लोकांनी मलाच वेड्यात काढावं. हा प्रकार मला नवीन नव्हता. जमिनीच्या कागदांवर सह्या झाल्या तेव्हाही असंच झालं होतं. सगळं आधीच ठरलेलं, आणि मी विचारलं तर, अगं तुला सांगितलं होतं की!

शनिवारी दुपारी मी लॅबची मोटर घरी आणली, तोंडाला मास्क लावला आणि बुजलेल्या जागी नवी खाच कोरली. अक्रोडाचा भुसा टेबलभर झाला. हात घालून पाहिला. बसला. तिजोरीत ठेवलं, दोन्ही कुलपं लावली आणि वामकुक्षीला आडवी झाले.

४

तेव्हा आवाज आला.

दुपारची वेळ. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. खाली सोसायटीच्या गेटवर कुणीतरी हॉर्न देत होतं. आणि माझ्या कपाटातून खरखर, खरखर असा आवाज येत होता. तळहातावर अंगठा घासल्याचा. मध्ये थांबायचा, मग एक हलकी थाप, मग पुन्हा खरखर.

मी पडल्या पडल्या कारणं शोधली. उंदीर. पण एकोणिसाव्या मजल्यावर उंदीर? लिफ्टचा दोर. पण लिफ्ट जिन्याच्या बाजूला, कपाट बाहेरच्या भिंतीला. दाताच्या मोटरचा आवाज कानात घुमत राहतो कधीकधी, तसंच काहीतरी. शेवटचं कारण मला पटलं, म्हणून मी उठले आणि कपाटाचं दार उघडलं.

आवाज थांबला. दोन्ही कुलपं जशीच्या तशी. उघडली. पिस्तूल पेटीत होतं. लहानपणी दार वाजलं की आईला विचारायचे तसं मी मोठ्यानं विचारलं, "कोण आहे?" आणि लगेच स्वतःचीच चीड आली. माझ्याच कपाटासमोर उभं राहून मीच का विचारायचं?

मूठ हातात घेतली. कोमट होती. नुकताच कुणीतरी हात काढून घ्यावा, तशी. नवी खाच बुजली होती आणि टेबलावरचा भुसा मात्र तसाच पडला होता.

त्या घटकेला मी एक निर्णय घेतला. कोण आहे हे मला विचारायचं नव्हतं, बघायचं होतं. मूठ म्हणजे हाताचा उलटा ठसा. तिच्यावर पुट्टी दाबली तर ज्याच्यासाठी ती घडवली आहे त्याचा तळहात निघणार. कवळीवरून कुणाची हिरडी ओळखायची असेल तर आम्ही हेच करतो. मी दोन रंगांची पुट्टी कालवली, मुठीभोवती थापली आणि घट्ट होईपर्यंत खिडकीशी जाऊन उभी राहिले. सोलून काढल्यावर तिच्याकडे नीट न बघताच मी ती पिशवीत घातली. का बघितलं नाही, ते मला सांगता येत नाही.

५

सोमवारी दवाखान्यात पेशंट सुरू व्हायच्या आधी मी पिशवी ट्रेमध्ये रिकामी केली आणि हात धुवायला गेले. माझी सहायक समीक्षा तिथे ट्रे लावत होती.

"मॅडम, हे कुणाचं इंप्रेशन?" ती म्हणाली. "आजोबा आहेत का कुणी? अय्या, बोट कसं गेलं यांचं?"

मी वळले. फिकट निळ्या पुट्टीचा तळहात ट्रेमध्ये उताणा पडला होता. लाकडाला हाताच्या रेषा कुठून असणार? पण रेषा होत्या. बोटांच्या मुळाशी घट्टे होते. अंगठ्याचा उंचवटा झिजून गुळगुळीत झाला होता, तंबाखू मळून मळून होतो तसा. मधलं बोट ट्रिगरकडे वळलेलं, अनामिका आणि करंगळी आत दुमडलेली, आणि जिथे अंगठ्याजवळचं बोट असायला हवं तिथे नुसता एक सुरकुतलेला खळगा.

माझ्या वडिलांचं, काळुरामांचं, उजव्या हाताचं ते बोट खाडीतली रेती काढताना पंपाच्या पट्ट्यात गेलं होतं. मी तेव्हा लहान होते. बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली.

बाबांनी कधी मारलं नाही, असं आमच्याकडे कौतुकानं सांगतात. खरंच नाही मारलं. ते मनगट धरायचे. आई माहेरी जायला निघाली की मनगट. मी कॉलेजच्या सहलीचे पैसे मागितले की मनगट. तोंडानं एक शब्द नाही. फक्त तीन बोटं आणि अंगठा, आणि आपण बसून जाईपर्यंत सोडायचं नाही. पिस्तूल घेतलं तेव्हा त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "बघू तरी." मी म्हटलं, परवाना माझा आहे, दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. कायदा तसाच आहे. पण कायदा तसा आहे याचा मला फार आनंद झाला होता.

"टाकून दे ते," मी समीक्षाला म्हटलं. "नीट आलेलं नाही."

त्या दिवशी माझ्या हाताखाली एका माणसाची चांगली दाढ तुटली. असं माझं कधी होत नाही.

६

आई, म्हणजे कमळाबाई, ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. हातात सोन्याच्या दोन बांगड्या. बाबा गेल्यावर काचेच्या उतरवल्या, पण या मी हट्टानं घालायला लावल्या. काम करताना त्या परातीच्या काठावर वाजत राहतात. ती घरात आहे हे मला त्यावरूनच कळतं.

"आई, नवमीला भटजींनी शस्त्रांची पूजा सांगितली, तेव्हा मी आत वडे तळत होते. माझ्या पिस्तुलावर नाव कुणाचं घेतलं?"

बांगड्या थांबल्या.

"भटजीनी इचारला, शस्त्र कोनाचा? हर्षित बोलला, बाबांचा. मी पन बोलली, हा, यांचाच."

"ते माझं आहे!"

"अगो, बाईच्या नावानी शस्त्र कोन पुजतं? चार लोकं बसलेली. काय बोलली असती?"

"काय बोलली असती? माझं पिस्तूल, माझा परवाना, माझा घाम! हर्षितचा कोयता त्याच्या नावानं पुजलात, ज्यानं कधी गवत कापलं नाही. गाडीलासुद्धा त्याचंच नाव. आणि माझ्या वस्तूला मेलेल्या माणसाचं नाव चालतं, पण माझं चालत नाही?"

मी इतकी ओरडले की समोरच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद झाला. आईनं भाकरी उलटली.

"त्यांना लय हौस व्हती," ती हळूच म्हणाली. "तू हात लावून दिला नाय जिवंतपनी. मना वाटला, नुसता नाव घेतला तर काय जाता?"

"उद्या भटजींना बोलव. परत पूजा करायची. माझ्या नावानं."

"दिलेला परत मागत नाय, पोरी. त्यांच्याकडून तर नायच नाय." तिनं पदरानं हात पुसले, मनगटाशी जरा जास्तच वेळ. "गप ऱ्हा गो आता. तुझ्याकडं हायेत तवर बरा हाय."

मला ते वाक्य ऐकू आलं, पण मी ऐकलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखी ती त्यांचीच बाजू घेते आहे. मी दार आपटून बाहेर पडले आणि सोसायटीच्या बाकावर बसून चिडून रडले.

७

नवी मूठ परदेशातून मागवायची म्हणजे महिने लागतात. चाचणी तोंडावर आली होती. मी ठरवलं, आहे त्या मुठीनं उभी राहणार. हात बसो न बसो, नेम माझा आहे.

चाचणीच्या सकाळी हर्षित स्वतः गाडी चालवत आम्हाला घेऊन आला. आईसुद्धा आली. मला नेम धरताना बघायला ती पहिल्यांदाच येत होती. मागच्या खुर्च्यांवर दोघं बसले, हर्षित मोबाइल वर धरून. माझ्या शेजारच्या जागी दक्षता नावाची कल्याणची पोरगी होती, कॉलेजातली. तिनं मला वाकून नमस्कार केला, तेवढ्यानंच मला म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

पहिली फेरी संथ असते, वेळ भरपूर. मी हात मुठीत घातला आणि दचकले. बसला. नुसता बसला नाही, आत ओढून घेतला गेला. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा माशी खाचेत अशी स्थिर उभी होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली गोळी. पडद्यावर दहा. दुसरी दहा. तिसरी दहा. मागे गुरुदत्त सरांचं घसा खाकरणं ऐकू आलं. ते फक्त फार खूश झाले की तसं करतात.

खांदा दुखत नव्हता. वजन जाणवत नव्हतं. आणि तेच मला खटकलं. इतकी वर्षं मी या खेळात घालवली आहेत. चांगली गोळी सुटते तेव्हा ती आपल्याकडून सुटते, हे शरीराला कळतं. या गोळ्या माझ्याजवळून जात होत्या, माझ्याकडून नाही.

पुढची गोळी मी मुद्दाम डावीकडे धरली. निशाणाच्या पांढऱ्या कडेवर, जिथे गोळी लागली तर लोक हसतात. ट्रिगर दबला. पडद्यावर दहा.

मी मान न हलवता नजर खाली आणली. माझं अंगठ्याजवळचं बोट ट्रिगरवर नव्हतंच. ते लोखंडाच्या कडेला सरळ, निर्जीव पडलं होतं. त्याची जागा मधल्या बोटानं घेतली होती. मी त्या बोटाला थांब म्हटलं. ते शांतपणे पुढच्या गोळीची वाट बघत राहिलं. आणि माझ्या मनगटाभोवती, जिथे लाकूड पोचतच नाही तिथे, काहीतरी घट्ट होत गेलं.

फेरी संपली तेव्हा यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं. हर्षित खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटत होता. "बाबांचं नाव काढलंस ताई!"

मला वाटतं, ते वाक्य त्यानं उच्चारलं नसतं तर मी कदाचित दुसरी फेरीही तशीच काढली असती. राज्याचा संघ होता शेवटी. पण ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. आयुष्यभर ज्यांनी मला खाली बसवलं, ते आज मला वर नेऊन ठेवत होते, आणि त्याचंही श्रेय त्यांनाच. मी पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, दोन स्क्रू सोडवले आणि मूठ वेगळी करून पर्समध्ये टाकली.

"वेड लागलंय का?" गुरुदत्त सर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "नुसत्या फ्रेमवर कोण मारतं? हात फाटेल!"

"फाटू दे. माझाच फाटेल ना?"

तपासनिसांनी पिस्तूल पुन्हा तोललं, मापलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि परवानगी दिली. दुसरी फेरी वेगाची. निशाण तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात उचलून मारायचं. उघडं लोखंड तळहातात रुतत होतं. खांदा ठणकत होता. सात. आठ. सहा. एकदा तर निशाणाबाहेर. प्रत्येक गोळी माझ्याकडून सुटली, माझ्या बोटानं, आणि प्रत्येक सहाचा मला त्या दहांपेक्षा जास्त आनंद झाला. मी खाली, फार खाली घसरले. दक्षता निवडली गेली. मी तिला मिठी मारली, आणि माझ्या रक्तानं तिचं जॅकेट जरा खराब झालं.

खुर्चीत आई ताठ बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर पदराखाली होता.

८

परतीला हर्षित पुलावर चढेपर्यंत बडबडत होता. बॅनर छापायला दिला होता म्हणे. मी मागच्या सीटवर आईच्या शेजारी, हाताला रुमाल गुंडाळून. खूप दिवसांनी मला हलकं वाटत होतं. हरले होते, पण मी हरले होते.

"आई, पाणी दे गं तिकडचं."

तिनं डाव्या हातानं बाटली उचलली. उजवा पदराखालीच.

"हाताला काय झालं?"

"काय नाय."

मी पदर बाजूला केला. तिचं मनगट पांढरं पडलं होतं. बांगड्या वर, कोपराकडे सरकलेल्या, मांसात रुतलेल्या. एका बाजूला अंगठ्याएवढा खोल दाब. दुसऱ्या बाजूला तीन. मी बघत असताना ते दाब आणखी खोल गेले. बाहेर लखलखीत ऊन होतं, खाली खाडी चमकत होती, हर्षित समोरच्या टेम्पोला शिव्या देत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू मूठ काढलीस कनी? तवा उठून आले." आईचं तोंड वेदनेनं आखडलं होतं, पण ती सवयीनं बोलत होती, हळू, पुढच्या सीटवर ऐकू जाऊ नये अशी. "तुझ्याकडं व्हते तवा माझा हात कसा मोकला व्हता, पोरी. पैल्यांदाच. आता नाय सोडत. लय रागावलेत."

म्हणजे तिला माहीत होतं. दसऱ्यापासून माहीत होतं. तिनं मला सांगितलं नाही, आणि मी तिला तरी काय म्हणून दोष देऊ? चाळीसेक वर्षं, ते असताना आणि गेल्यावरही, तो हात तिनं एकटीनं सोसला. मधले थोडे आठवडे मी वाटून घेतला होता, एवढंच. पण राग तर आला. असा आला की गाडीतल्या गाडीत किंचाळावंसं वाटलं. तिच्यावर, हर्षितच्या टाळ्यांवर, त्या भटजीवर, ज्यानं विचारलं कुणाचं आणि जे उत्तर आलं ते मुकाट्यानं मंत्रात घातलं. आणि ज्या माणसाला मेल्यावरही धरायला कुणाचं तरी मनगट लागतं, त्याच्यावर.

मी पर्स उघडली. लाकूड गार पडलं होतं. रुमाल सोडला, सोललेला हात त्या दोन खाचांत घातला आणि म्हटलं, "इकडे या."

क्षणभर काही झालं नाही. मग मूठ कोमट झाली.

आईनं श्वास सोडला. बांगड्या घसरून मनगटावर आल्या. तिनं हात वरखाली करून बघितला, मग खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. ते बरंच झालं.

आता मी नेमबाजी सोडली आहे असं लोक म्हणतात. दवाखान्यातली बारीक कामं डाव्या हातानं करायला शिकते आहे, बाकीचं समीक्षा सांभाळते. घरी आले की मूठ उजव्या हातात असते. मधूनमधून, हात फारच दुखायला लागला की, मी ती टेबलावर ठेवून बघते आणि कान देते. आत स्वयंपाकघरात आई पीठ मळत असते. परातीवर वाजणाऱ्या बांगड्या एकदम थांबतात. मग मी मूठ पुन्हा धरते, आणि त्या पुन्हा वाजू लागतात.